दोन शांत जागांमधलं अंतर

छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंच्या नजरेतून चुकलेली वेलांटी कधी सुटली नाही. एकोणीस वर्षं त्या शालेय पुस्तकांच्या चुका काढत होत्या. मग त्यांना कोपऱ्यातल्या नव्या खोलीत बसवलं, आणि तिथल्या घूं घूं आवाजानं त्यांचा पिच्छाच पुरवला. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागे. एकेक ओळ तीनतीनदा वाचावी लागे.

त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. ते आले, दारातून पाऊलभर आत उभे राहिले.

"कुठे काय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

"साहेब, माझ्या खुर्चीत बसून बघा ना."

"अहो, खोली तीच आहे की!" म्हणत ते निघूनही गेले. नंतर आवाज मोजणारा माणूस आला. त्यानंही यंत्र दाराशीच धरलं आणि लिहून टाकलं, 'तक्रारीत तथ्य नाही'. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या सुट्टीत त्या आपल्या खुर्चीमागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालल्या. आवाज वाढे, विरे, पुन्हा वाढे. जिथे तो जवळजवळ नाहीसा होई, तिथे त्यांनी खडूनं रेघ ओढली. तीन रेघा झाल्या. पहिली थेट दारासमोर होती, साहेब उभे राहिले होते तिथेच! टेप लावला, तर प्रत्येक दोन रेघांत एक मीटर सत्तर सेंटिमीटर.

योगायोगानं टेबलावर विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा तपासायला आला होता. ध्वनीचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. बाईंनी हवेतल्या वेगाला, म्हणजे सेकंदाला तीनशे चाळीस मीटरला, रेघांमधल्या एक पूर्णांक सात मीटरनं भागलं. सेकंदाला दोनशे कंपनं.

शेजारच्या खोलीतल्या मोठ्या पंख्याबद्दल मेकॅनिकला विचारलं. "चार पाती, सेकंदाला पन्नासेक फेरे," तो म्हणाला. चार पन्नासं दोनशे! बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी हट्टानं पंखा बंद करायला लावला. अख्खा मजला बघायला जमला.

पंखा थांबला. घूं घूं तशीच.

"बाईंचे कानच वाजतात!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी त्यांनी सगळं नणंदेला सांगितलं. नणंद विज्ञानाची निवृत्त शिक्षिका, जिभेला धार. तिनं कपडे वाळत घालायची दोरी काढली, खिडकीच्या गजाला बांधली आणि हलवली. दोरीला दोन फुगवटे आले. मधला बिंदू मात्र जागचा हलेना.

"वहिनी, हे बघ. भिंतीवरून परतलेला आवाज येणाऱ्यात मिसळला की हवेत असंच होतं. एका शांत बिंदूपासून पुढच्या शांत बिंदूपर्यंत किती फुगवटे?"

"एक."

"आणि पूर्ण लाट म्हणजे दोन. एक वर, एक खाली. तू अर्धीच लाट मोजलीस आणि पूर्ण समजून भागाकार करून मोकळी झालीस!"

"म्हणजे तरंगलांबी तीन मीटर चाळीस. कंपनं शंभर," बाई हळूच म्हणाल्या.

"शंभर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि दर आवर्तनाला त्याचा गाभा दोनदा थरथरतो. तुझ्या भिंतीमागे आहे का?"

होता. बरोब्बर खुर्चीमागे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदावर आकृती काढून दिली. व्यवस्थापकांनी ती उलटसुलट पाहिली. "ट्रान्सफॉर्मर काय हलवता येतो होय?"

"खाली रबर तरी बसवा."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"मग टेबल-खुर्ची पाऊण मीटरभर पुढे, पहिल्या रेघेपर्यंत घेते."

"वाट अडेल, बाई."

आता मात्र बाईंचा संयम सुटला. त्यांनी धड्याचे कागद साहेबांच्या हातात दिले आणि आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "दोन पानं तपासा. मग मी एक शब्द बोलणार नाही."

साहेब बसले. पहिलं पान कसंबसं संपलं. दुसऱ्यावर ते एकाच ओळीत अडकले, कपाळ चोळत उठले आणि बाईंकडे न बघताच म्हणाले, "घ्या टेबल पुढे."

बाई आता पहिल्या खडूच्या रेघेवर बसतात. काम होतं. पण शब्दकोशासाठी मागच्या कपाटाकडे झुकल्या की आवाज पुन्हा कानात शिरतो, आणि त्या दात आवळतात. रबराची मंजुरी अजून आलेली नाही.