दोन व्हेंट आणि एक व्हिजिट

लडाखला माझी दुसऱ्यांदा पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड इलेक्ट्रिशियन. आमचं वर्कशॉप नदीकाठच्या कॅम्पात होतं आणि तिथून वर, खिंडीखाली, एक रेडिओची गाडी कायम उभी असायची. गाडी म्हणजे साधी पिकअप. तिच्या हौद्यावर पत्र्याची खोली बसवलेली, तिला आम्ही शेल्टर म्हणायचो. आत रेडिओ, बॅटऱ्या, एक बाकडं आणि एक माणूस. वरच्या चौक्यांचे निरोप त्या गाडीतून खाली यायचे. हिवाळ्यात तिथे मगातलं पाणी बघता बघता दगड व्हायचं.

ते शेल्टर मी बांधलं होतं. अँगलची फ्रेम, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय आणि मधे ठासून ग्लासवूल. ग्लासवूल भरलेल्या माणसाला कुणी जवळ झोपू देत नाही, इतकी खाज सुटते. बॅटऱ्या दाराशी वेगळ्या पेटीत, फ्यूज बॅटरीला लागूनच, केबल जाड. थंडी आत येणार नाही याची मी हमी दिली होती. पण आत केरोसीनचा हीटर चालणार होता. म्हणून मी हवा खेळायला दोन भोकं, म्हणजे व्हेंट, ठेवले. एक फरशीजवळ, दुसरा समोरच्या भिंतीत छताखाली. हीटर हवा खातो. बंद खोलीत तो माणसाच्या वाटणीची हवा खातो आणि वर विषारी गॅस सोडतो. त्या गॅसला वास नसतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. माणूस आधी सुस्तावतो, मग झोपतो.

गाडीवर ऑपरेटर होता नाईक अनंत गायकर. खालापूर तालुक्यातल्या डोंगराखालच्या वाडीतला. मी कर्जतजवळच्या भिसेगावचा. फौजेत एवढ्या अंतराला अंतर म्हणत नाहीत, तो माझा गाववाला. मला दादा म्हणायचा. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी शेल्टर बघून म्हणाला, "दादा, आमच्या घरापेक्षा हे बरं हाय. लगीन करून हितंच ऱ्हातो."

त्या डिसेंबरात जनरल साहेबांची व्हिजिट ठरली.

व्हिजिट म्हणजे काय हे सिव्हिलियन माणसाला सांगून कळत नाही. दगडांना चुना लागतो. आगीच्या बादल्या पुन्हा लाल होतात. पोरांचे हात थंडीने फुटलेले असतात आणि त्या हातांनी ती पायवाटेचे खडे एका रेषेत मांडत बसतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. लढाईची मला कधी शिसारी आली नाही. व्हिजिटची आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आमचे मेजर साहेब पुण्याचे, मराठी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कागद कशाला खराब करा. शेल्टरला नवा रंग दिला होता. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि व्हेंटपाशी थांबले. वरच्या व्हेंटखाली काजळीचा ओघळ उतरला होता.

"हे काय आहे, मोरे?"

"सर, व्हेंट. आत हीटर चालतो."

"घाण दिसतंय. पट्टी मारून बंद कर. वरून रंग."

"सर, आत माणूस असतो."

"व्हिजिट होऊ दे. मग काढ."

"सर, हीटर चालू असताना..."

"मोरे. ऑर्डर आहे."

मी हललो नाही. साहेबांनी पेंट पार्टीच्या माणसाला हाक मारली आणि त्याच्याकडून दोन्ही पट्ट्या रिव्हेट मारून बसवून घेतल्या. वरून रंग. गाडी टकाटक दिसायला लागली. व्हिजिट दुसऱ्या दिवशी होती, म्हणून अनंताला मी सांगितलं, आजची रात्र हीटर लावू नकोस, दोन स्लीपिंग बॅग घे. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हवा बिघडली. हेलिकॉप्टर उडालं नाही. व्हिजिट पुढे गेली. मी पट्ट्या काढायची परवानगी मागितली. उत्तर आलं, रंग खराब होईल, हात लावू नका. मग पुन्हा व्हिजिट पुढे गेली, आणि पुन्हा. अनंताचा जोडीदार उंचीच्या त्रासाने हॉस्पिटलात गेला आणि हा एकटा पडला. एकटा माणूस त्या थंडीत हीटरशिवाय किती रात्री काढणार? तो दार फटीएवढं उघडं ठेवून हीटर लावायचा. वारा उठला की बर्फ आत यायचं आणि रेडिओवर बसायचं, मग दार लावावं लागायचं.

अशाच एका रात्री वारा होता. सकाळी सहाला मी खालच्या सेटवर होतो.

"चार्ली टू, चार्ली टू, रेडिओ चेक, ओव्हर."

काही नाही.

"चार्ली टू फॉर चार्ली वन, रेडिओ चेक, ओव्हर."

नुसती खरखर. अनंता पहिल्या हाकेला उत्तर देणारा माणूस. मी ड्रायव्हरला उठवलं आणि आम्ही वर गेलो.

दार घट्ट लागलेलं होतं. उघडलं तेव्हा गरम हवा तोंडावर आली. हीटर विझत आला होता. अनंता बाकड्यावर भिंतीला टेकून बसला होता, कानाला हेडसेट. गाल लालसर. घरी शेकोटीपाशी बसलेल्या माणसाचे असतात तसे. मी त्याला दोनदा हाक मारली. मग हेडसेट काढला.

त्याला आम्ही खाली नेलं. डॉक्टरने बघितलं आणि मान हलवली. मी दुपारी गाडीपाशी परत गेलो, तर दोन्ही पट्ट्या गायब. रिव्हेटची भोकं पुट्टीने बुजवलेली, वरून रंग. मी बोट लावलं, रंग बोटाला आला. 

चौकशी झाली. मी पट्ट्यांबद्दल सांगितलं. मेजर साहेबांनी सांगितलं, व्हेंट उघडे होते, ऑपरेटर नियम मोडून हीटर चालू ठेवून बेफिकीरपणे झोपला. हवालदार आणि मेजर, कुणाचं वजन जास्त, हे सांगायला नको. पेंट पार्टीचा माणूस काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात हवा उघडली आणि जनरल साहेब आले. शेल्टर बघून "गुड शो" म्हणाले.

वाडीत शवपेटी आली आणि तिच्या मागून ती बातमीही आली. पोरगा स्वतःच्या चुकीने गेला. अनंताचे वडील, पांडूतात्या, भातशेतीवाले. मी सुट्टीवर आलो की त्यांच्याकडे जायचो. दर वेळी एकच प्रश्न.

"त्यानं हीटर का नाय इझवला रं?"

मी खरं ते सांगायचो. म्हातारा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तू दोस्त हाईस त्याचा. तू असंच बोलनार." साहेबाने एक सांगितलं आणि हवालदाराने दुसरं, तर वाडी साहेबाचंच धरणार. गावात कुणाचा पोरगा भरतीला निघाला की लोक सांगायचे, नीट ऱ्हा रं, गायकराच्या अनंतासारखं करू नको. म्हाताऱ्याच्या कानावर हे जात होतं. त्याची बायको तर देवळातही जाईनाशी झाली होती.

मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता कर्जत-खोपोली रोडला माझी शेड आहे. पिकअपवर कॅम्पर बांधून देतो. मुंबईकरांना हल्ली गाडीत झोपायची हौस आहे. फोमच्या पाट्या, लिथियम बॅटरी, छतावर सोलर पॅनेल. काम चांगलं चाललंय.

यंदा पावसाळा संपल्यावर एक कोरी पिकअप शेडमध्ये आली आणि तिच्यातून मेजर साहेब उतरले. आता रिटायर्ड कर्नल. खालापूरकडे त्यांचं फार्महाऊस झालंय आणि माझा पत्ता त्यांना जुन्या लोकांच्या ग्रुपवर मिळाला.

"मोरे! ओळखलंस का? मिसेसला लडाख दाखवायचंय. तुझ्याशिवाय कोण करणार हे काम?"

मी ओळखलं. त्यांना परत पाठवावं असं फार वाटलं. मग म्हाताऱ्याची आठवण झाली आणि मी काम घेतलं.

काम चालू असताना ते येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि जुन्या गोष्टी काढायचे. "ती व्हिजिट आठवते? काय चमकवली होती गाडी. आणि तो एक पोरगा गेला बघ, तुझ्याच भागातला. काय नाव त्याचं?" मी हातातला स्क्रू पिळत राहिलो. माणसाला माणसाची इतकी किळस येऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

वायरिंग झालं, फोम भरून झाला, आतून प्लाय लागला. मी व्हेंटसाठी पत्र्यावर खूण केली, तेव्हा ते उठून आले.

"भोकं नकोत. धूळ येते. आणि बाहेरून क्लीन लुक पाहिजे."

"सर, तुम्ही आत गॅसचा हीटर लावणार आहात."

"आता मॉडर्न हीटर असतात, मोरे. काही होत नाही."

मी ड्रिल खाली ठेवली. "ठीक आहे सर. वर्कशॉपचा नियम तुम्हाला माहीत आहे. गाडी देण्याआधी ट्रायल. तुम्ही आत बसा. मी हीटर पेटवतो आणि बाहेरून दार लावतो. तासाभराने उघडतो."

ते हसले. मी हसलो नाही. त्यांनी एकदा त्या खोलीकडे पाहिलं. आत बसायला काहीच अडचण नव्हती, गादीसुद्धा टाकलेली होती.

"व्हेंट पाड," ते म्हणाले. आवाज बारीक होता. सगळं माहीत होतं या माणसाला. तेव्हाही होतं.

मी दोन व्हेंट पाडले. दोन दिवसांनी रस्त्यावरची ट्रायल होती. मी चालवत होतो, ते बाजूला बसले होते. खालापूरच्या बाजूला आल्यावर मी गाडी डोंगराकडच्या रस्त्याला वळवली.

"इकडे कुठे?"

"चढावर बघू सर, वजन घेऊन कशी चालते."

पांडूतात्यांच्या अंगणात मी गाडी उभी केली. म्हातारा भात झोडपायच्या तयारीला लागला होता. मी सांगितलं, तात्या, हे आमचे तेव्हाचे साहेब. सर, शेल्टरमध्ये गेलेल्या पोराचे हे वडील. कर्नलांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग उतरले. हात जोडून म्हणाले, "तुमचा मुलगा फार चांगला सैनिक होता." ते वाक्य त्यांचं पाठ असणार, किती अंगणांत म्हटलं असेल कुणास ठाऊक.

म्हाताऱ्याने हातातली पेंढी खाली ठेवली. गाडीभोवती फिरला. नवी वस्तू बघावी तसं पत्र्यावर हात फिरवत गेला आणि व्हेंटपाशी थांबला.

"ही भोकं कशाला?"

 प्रश्न साहेबांना होता.

"हवेसाठी," कर्नल म्हणाले. "आत हीटर लावला तर लागतात."

"आनि नसली तर?"

"तर... आतला माणूस गुदमरतो."

"अनंताच्या गाडीला व्हती?"

"होती."

"उघडी?"

कर्नलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. शेजारच्या अंगणातली दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

"बंद होती," ते म्हणाले.

"अनंतानं बंद केलती?"



"नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. कुणी बंद केली हे त्याने विचारलं नाही. कदाचित त्याला कळलं असेल, कदाचित त्याला गरज नसेल. एका शब्दाचं काम होतं आणि तेवढ्यासाठी या माणसाने दोन म्हातारे जीव इतकी वर्षं जाळत ठेवले होते. म्हातारा घराकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलंस का गं? आपल्या पोराची चूक नव्हती. सायेब सांगत्यात."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. अनंताची आई पिठाच्या हातांनी उंबऱ्यापर्यंत आली. ती कर्नलांकडे बघत होती.

"मला चुलीपाशी नीट ऐकू नाय आलं," ती म्हणाली. "परत सांगा सायेब. मोठ्यानं सांगा, ते कुंपनावरचे बी ऐकू देत."

कर्नल सरळ उभे राहिले. तोंड उघडलं आणि थांबले. माझ्याकडे वळले, आणि मला कळलं, त्यांना पूर्ण नाव आठवत नव्हतं.

"नाईक अनंत गायकर," मी म्हणालो.

"नाईक अनंत गायकर," कर्नल मोठ्याने म्हणाले, "यांची काही चूक नव्हती."