आबांचं आमेन

पंचवीस मिनिटांच्या आत मी कुणासाठी प्रार्थना करत नसे. चर्चचा पाळक म्हणून दौंडला बदली होऊन तीन महिने झाले होते, आणि आजारी माणसाला हात आखडून प्रार्थना द्यावी, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. (आमची मंगल म्हणायची, "तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात की बायका आधी डाळ शिजायला लावून येतात." बायको आहे, बोलणारच!)

त्यातच शिरूरच्या शिबिरात नव्या सेवकांपुढं माझं भाषण ठरलं. विषय : मनापासून आणि मायेनं सेवा कशी करावी. मुद्दे तयार, वचनं तयार. फक्त स्वतःचं एखादं ताजं उदाहरण मिळत नव्हतं.

"मांडवगण फराट्याचे याकोबआबा पडलेत," मंगल म्हणाली. "पाय मोडलाय. जाऊन येऊ म्हणून मी पंधरा दिवस कानीकपाळी ओरडतेय."

"प्लास्टर घातलंय?"

"मांडीपर्यंत."

"छान!" मी म्हणालो. (हो, छान म्हणालो. खोटं कशाला सांगू?)

मोटरसायकलवर मंगलला घेऊन मी निघालो, तो दुपारी पावणेचारला आबांच्या दारात. आबा खाटेवर. मुलगा रांजणगावला कंपनीत, शिफ्टला गेलेला. घरात सून रूथ. आबा जुन्या वळणाचे. सुनेसमोर नुसत्या बनियनवर कधी बसले नाहीत. मग तिच्याकडं लघवीचं भांडं मागणं तर लांबच! म्हणून रोज चार वाजता शेजारचे सलीमभाई येत आणि आबांना उचलून मागच्या संडासात नेऊन आणत. सकाळी मुलगा, दुपारी सलीमभाई, अशी आबांची अब्रू दोन माणसांवर तोललेली होती.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळायचं तर विचारावं लागतं, आणि मी काही विचारलंच नाही.

"सलाम साहेब," आबा म्हणाले. "आलात, लई बरं वाटलं. बसा की जरा. च्या घ्या. चार वाजून जाऊ द्या, मंग निवांत प्रार्थना करू."

"आबा, प्रार्थनेला काय मुहूर्त लागतो?" मी हसून म्हणालो, आणि डोळे मिटले. पाळकानं डोळे मिटले की सगळ्या घरानं मिटायचे, आणि 'आमेन' होईपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आमच्यात ही शिस्त फार कडक!

सुरुवात आबांच्या पायापासून केली. मग गुडघा, मग कंबर, मग एकूण मानवी देह. तिथून गावाकडं वळलो. गावात भीमा नदी, नदीला पाणी. आणि पाणी म्हटल्यावर मला अशी काही स्फूर्ती आली म्हणता! बायबलातला तांबडा समुद्र दुभंगवला. यार्देन नदी ओलांडली. खडकातून पाणी काढलं.

"आमेन!" आबा म्हणाले.

मला भरून आलं. दौंडच्या मंडळीत मधेच 'आमेन' म्हणणारा एक माणूस नाही! मी आवाज चढवला.

"प्रभू, या घरातून जिवंत पाण्याचे झरे वाहू दे!"

"आमेन, साहेब! आमेन!"

"झरे नव्हे, नद्या वाहू दे!"

"आमेन! झालं की वो, आमेन!" आबांचा आवाज आता रडवेला झाला होता. मी मनात म्हटलं, हेच ते उदाहरण! शिरूरला हे सांगितलं की शिबिरात रुमाल निघणार. मग मी जलप्रलयाला हात घातला.

चार कधीच वाजून गेले होते. सलीमभाई वेळेवर आले होते. पण साहेबांची प्रार्थना चाललीय बघून तो भला माणूस चपला काढून दाराशीच मान खाली घालून अदबीनं उभा राहिला. म्हणजे नेणारा दारात, जाणारा खाटेवर, आणि मधे मी!

एकटी मंगल माझ्या प्रार्थनेत डोळे उघडते. (या सवयीवरून मी तिला अनेकदा सुनावलंय.) तिनं आबांचा चेहरा बघितला, त्यांनी आवळून धरलेली खाटेची दोरी बघितली, दारातले सलीमभाई बघितले, आणि तिला सगळं उमगलं. सलीमभाईंनी आबांना उचललं, मंगलनं प्लास्टरचा पाय धरला, रूथ मागचं दार उघडायला धावली. तिघं अनवाणीच, आवाज न करता गेले.

मी अजून जलप्रलयातल्या नोहाच्या तारवातच होतो. बऱ्याच वेळात आमेन आलं नाही, तेव्हा मीच म्हटलं आणि डोळे उघडले.

घरात कुणी नाही! खाट रिकामी. आबा प्लास्टरसकट गायब! दारात मात्र मंगलच्या चपला, रूथच्या चपला, आणखी एक कुणाचा तरी जोड. अन् आमच्या विश्वासाप्रमाणं प्रभू येईल तेव्हा आपल्या माणसांना असंच, असतील तिथून वर उचलून नेणार आहे...

मी भराभर हिशेब केला. आबा जातील, कबूल. रूथ गुणी पोर आहे. मंगल तर माझ्याशी बारा वर्षं संसार करतेय, तिचं आधी ठरलेलंच. पण दौंडचा पाळक खाली?

"प्रभू, मी राहिलो!" असं ओरडत मी मागच्या अंगणात धावलो. तिथं मंगल उभी होती. तिला बघून इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"ओरडू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. तिच्या हातात तांब्या होता, आणि संडासाच्या पायरीपासून सगळं ओलं. रूथ बघत होती.

"माझ्या हातून तांब्या लवंडला गं," मंगल तिला म्हणाली. "आबांचं धोतरही भिजवलं मी! दुसरं आण बाई."

"एक तांब्या नीट धरता येत नाही तुला?" मी सगळ्यांदेखत खेकसलो. सलीमभाई माझ्याकडं असे बघत राहिले की काय सांगू!

परतताना भीमेच्या पुलाशी मंगल म्हणाली, "तांब्या मी मुद्दाम ओतला. दोन पावलं उशीर झाला होता त्यांना. म्हातारा माणूस रडत होता हो."

मी गाडी बाजूला घेतली. लाज वाटली, खरंच फार लाज वाटली. पुढं दौंडपर्यंत मी बोललो नाही. (मंगल घाबरली. तिनं दोनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का?")

शिरूरचं भाषण मी पाच मिनिटांत संपवलं. "समोरच्याला आधी विचारा, त्याला काय हवंय," एवढंच सांगून बसलो. आयोजकांनी डॉक्टर बोलवू का म्हणून विचारलं.

पुढच्या आठवड्यात सलीमभाई वरवंडला पुतणीच्या लग्नाला गेले. मी आबांना फोन केला, "चार वाजता मी येतो." आठ दिवस गेलो. उचलायला मला जमेना, म्हणून भांडं आणलं. रूथला बाहेर पाठवायचं, दार लावायचं, भांडं धरायचं आणि भिंतीकडं बघायचं. एवढीच सेवा. त्या दिवसाची गोष्ट आता आबा स्वतःच गावभर तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून मीही लिहायला धजलो.

लग्न आटपून सलीमभाई आले, त्या दिवशी मी तिथंच होतो.

"काय आबा, साहेबांनी नीट केलं का सगळं?"

"नीट म्हंजी? असा पाळक आजवर झाला न्हाई!" आबा म्हणाले.

मी नम्रपणे मान खाली घातली. तरी राहवलं नाहीच. "आबा, तशी माझी प्रार्थनासुद्धा..."

"त्येचं नाव काढू नका, साहेब," आबांनी हात जोडले. "पन भांडं हातात असलं की तुम्ही तोंड उघडत न्हाई, त्ये लई ग्वाड वाटतं बगा!"