बायजाकाकीचा गोळ्याचा माऊस

रोह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या अंगात थोडी मस्ती आहे, हे आधीच कबूल करतो. "मेलेलं मशीनसुद्धा सुभाषच्या हातात उठतं," असं मीच सांगत फिरायचो.

नदीकाठच्या वाडीवरचा पांडूकाका धाटावच्या भंगारातून एक जुनाट माऊस घेऊन आला. माऊस जागचा हलायचा नाही. वर लिंबाएवढा गोळा होता, तो तळहातानं फिरवला की पडद्यावर बाण फिरायचा. त्याच्या बायकोचं, बायजाकाकीचं अंग दोन वर्षांपूर्वी लुळं पडलं होतं. वाचाही गेली. उजवा तळहात तेवढा हलायचा. अंगणवाडीत मदतनीस होती, त्यामुळे तिला लिहिता-वाचता येत होतं.

"शेट, तिला कायतरी सांगायचाय. माझ्याकडं बघून डोल्यांतून पानी काढते. खायला मागते का काय, मला समजत नाय. हा गोला तिच्या तळव्यानं फिरंल. एवढा चालू करून द्या."

शाळेनं टाकून दिलेला कॉम्प्युटर मी त्याला दिला. त्यावर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीशिवाय काहीच चालत नव्हतं, आणि लिनक्स या माऊसला ओळख दाखवेना. नवा माऊस नुसता जोडला की चालतो. हा पडला नऊ पिनांचा, जुन्या घराण्याचा. तो कोणत्या प्रकारचा आहे ते हातानं लिहून सांगावं लागतं. मी आठवडाभर चुकीचं सांगत होतो, बाण कोपऱ्यात जाऊन बसत होता. पांडूकाका रोज मजुरी बुडवून दारात उभा. एकदा मी त्याच्यावर खेकसलोही. त्याची अजून लाज वाटते.

शेवटी जमलं. वाडीवर नेऊन सगळं मांडलं. पडद्यावर मोठी अक्षरं होती. बाण ज्यावर थांबेल ते अक्षर उमटायचं. काकीला अर्धा तास लागला. मी फुशारकीनं मोठ्यानं वाचलं, "पारी कधी येणार?"

पांडूकाका उठून बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. पारी त्यांची एकुलती एक पोर, गेल्या दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली. भट्टीवरची माणसं पावसाआधी परततात. आता तर गणपतीही होऊन गेले होते.

"पोर माघातच तापानं गेली," तो म्हणाला. "हिला सांगितला, मुकादम सोडत नाय. ती इचारू शकत नव्हती म्हणून निभावला. आता काय सांगू?"

मग त्यानं माझे दोन्ही हात धरले. "माऊस बिघडला म्हणून सांगा तिला."

मी आत गेलो. "काकी, जुना माऊस आहे. बंद पडला," म्हणालो आणि माऊसची वायर उपटली. इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. पडद्यावरचा बाण थांबला. काकी माझ्याकडे बघत गोळा फिरवतच राहिली.