मखराच्या खोक्यातली बाळंतीण

बाळ पाळण्यात, आणि ते जनावर पाळण्याच्या दोरीवर! मी ओरडले की नाही मला आठवत पण नाही. सासूबाई म्हणतात, अख्ख्या चाळीने ऐकलं.

झालं काय, बाळाची आंघोळ झाली आणि आम्ही धुरी दिली. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, धूप. सासूबाई कोकणातल्या, सव्वा महिना धुरी म्हणजे धुरी. त्या दिवशी बाळ शिंकलं म्हणून मी मूठभर जास्तच टाकलं. घरात नुसता धूर. तेवढ्यात वर पत्र्याखालच्या माळ्यावरून धपकन खाली आलं. काळं, लांब शेपटीचं, मांजरीपेक्षा मोठं. दोरीला धरून माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे. पाळणा हलतोय आणि बाळ मजेत! मी बाळ उचललं, छातीशी धरलं आणि अनवाणीच बाहेर. मागून सासूबाई. जनावर मात्र परत माळ्यावर.

“आई, बिबट्या! बिबट्या आलाय!”

“गप गो! बिबटो दोरीर लटकतलो काय? उदमांजर असा ता.”

आमची चाळ मुलुंडला, डोंगराला टेकून. भिंत संपली की जंगलच. शेजारच्या काकींनी फोन केला, तर प्राणी सोडवणाऱ्या एक ताई आल्या. शिडीवर चढल्या, मोबाइलचा टॉर्च मारला आणि हसायलाच लागल्या. गणपतीच्या मखराचं खोकं, त्यात जरीच्या झालरीवर तिची तीन पिल्लं. डोळे पण उघडले नव्हते.

आणि तो वास! किती दिवस घरात आंबेमोहोर शिजल्यासारखा वास यायचा. आम्ही काकींना टोमणे मारायचो, “रोज भारीतला भात, वाटीभर इकडे पण द्या ना!” काकी बिचाऱ्या साधा भात करणाऱ्या, फुगून बसायच्या. ताई म्हणाल्या, “तो वास हिच्या अंगाचाच.”

जंगलात ही झाडाच्या ढोलीत राहते म्हणे. हिला उंच, कोरडी, अंधारी जागा लागते. मागचं जुनं झाड पडलं, तेव्हा शोधत शोधत आमच्या पत्र्याखाली शिरली असेल. ताई म्हणाल्या, “पिल्लं चढायला लागली की स्वतःच घेऊन जाईल. परत धूर केलात तर आजच तोंडात धरून निघेल. पण पावसापाण्यात ढोली मिळेल का, सांगता येत नाही.”

नवरा फोनवर ओरडतोय, “कर धूर! पोराला चावलं म्हणजे?” ते पण खरंच ना.

मग मी काकींची माफी मागितली आणि बाळ, पाळणा, सासूबाई, सगळं त्यांच्याकडे हलवलं. आमचं घर बंद, आत ती एकटी, राणीसारखी. नवरा म्हणतो, “येडी आहेस, जनावराला घर देऊन शेजाऱ्यांकडे राहतेस.” चाळ तर रोज हसते, “काय गं, तुमच्या घरातली बाळंतीण बरी आहे ना?”

हसा. पण खरं सांगा, तुमचं पोर कडेवर आणि तिची तीन वर खोक्यात, तुम्ही काय केलं असतं?