पडद्याकडे पाठ

पैसे मोजून सिनेमाचं तिकीट काढायचं आणि सबंध सिनेमाभर पडद्याकडे पाठ करून बसायचं, असा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला आणि तो नेमका आपल्या नात्यात होता. तुमच्या आजोबांचे ते मावसभाऊ, वयाने त्यांच्याहून मोठे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. परवा फोनवर तुम्ही नव्या सिनेमाची गोष्ट सांगितलीत. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत, सगळ्यांवर सगळ्यांची नजर आहे आणि तरी माणसं एकमेकांना मारायची थांबत नाहीत. तेव्हापासून भाऊजी माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, एक लाकडी स्टूल होतं.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आजोबा बुलढाण्याकडच्या उंद्री गावात शाळेत शिकवत. पिकं घरात आली की बाजाराच्या मैदानावर सिनेमाचा तंबू लागे. मधे दोरी, एकीकडे बाया, दुसरीकडे पुरुष, सगळे जमिनीवर. भाऊजी घरून स्टूल आणत, ते पडद्याच्या पायाशी ठेवत आणि लोकांकडे तोंड करून बसत. पहिल्यांदा तंबूचा मालक धावत आला, "काकाजी, पिक्चर मांगं हाये!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "मले माहीत हाये. पिक्चर तू उद्याही हेच दाखवशीन. हे लोक उद्या असेच असतीन काय?" त्यांचं सगळीकडे असंच. कीर्तनात ते बुवांकडे न पाहता डोळे पुसणाऱ्यांकडे पाहत. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांची नजर व्याह्यांवर, आणि पंगत उठायच्या आत कोण रुसणार हे ते आधीच सांगून ठेवत. बुलढाण्याची बस सुटताना लोक हात हलवत, तर हे हलणारे हात पाहत. कोणाचा हात आधी खाली येतो, यावरून त्या घरचं सगळं कळतं म्हणे. आमचे हेडमास्तर सिनेमाचे कट्टर वैरी. पोरं काय पाहून बिघडतात याची पाहणी करायला म्हणून एकदा ते तंबूत आले. दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्याकडे चहाला बसले होते. म्हणाले, "वयनी, हेडमास्तरानं हा पिक्चर आधी पाह्यला हाये." मी म्हटलं, शक्यच नाही. "अवो, इनोद व्हायच्या आधी हसते तो. लोक हसून राह्यले, तवा याचं हसून झालं होतं." चौकशी केली, तर गृहस्थ चिखलीला जाऊन दोनदा पाहून आले होते.

त्याच उन्हाळ्यात एक गंभीर सिनेमा आला. त्यातला धनिक बायकोवर पाळत ठेवायला घरात गडी नेमतो आणि गड्याने काही कानात सांगितलं की तिला मारतो. तंबूतून त्याला शिव्यांवर शिव्या पडत होत्या. सगळ्यात मोठा आवाज आमच्या शेजारच्या सुधाकरचा. सुधाकर म्हणजे भरपूर शेती, गोड बोलणं, मोठ्यांना वाकून नमस्कार. त्याची बायको नलू रोहिणखेडची, नुकतीच लग्न होऊन आलेली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले ते चहाला नको म्हणाले. "वयनी, सुधाकरच्या बायकोनं हा पिक्चर आधी पाह्यला काय?"

"कुठून पाहणार? तिने आयुष्यात काल पहिल्यांदा तंबू पाहिला."

"मंग थप्पड पडायच्या आधी तिनं गाल काऊन झाकला? एकदा नाही, दर बारीले."

मग तेच म्हणाले, "पिक्चर नाही पाह्यला तिनं. पण मारायच्या आधी माणसाचं तोंड कसं होते, ते पाह्यलं हाये."

मी म्हटलं, चार वडीलधारी माणसं जाऊन सुधाकरला बोलतील. भाऊजींनी मान हलवली. "बोललं का घरात तिलेच पडते. पाह्यलं का पडत नाही."

त्याच सकाळी स्टूल सुधाकरच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली आलं. भाऊजी जेवायला तेवढे घरी जात. बाकी दिवसभर स्टूल आणि ते. सुधाकर आधी हसला, मग चिडला. "काकाजी, काय पाहून राह्यले रोज?" "काही नाही बे. तू कर तुयं काम." तो पाटलाकडे गेला, तर पाटील म्हणाले, "अबे, जो माणूस तिकीट काढून पिक्चर पाहत नाही, तो तुयं घर फुकटात कशाले पाहीन? सावलीले बसते तो." सगळा गाव हसला. मात्र त्या घरातून येणारे आवाज थांबले. नलू माझ्याकडे वाचायला शिकायला येऊ लागली. निघताना उंबऱ्यातून विचारायची, "काकू, काकाजी बसेल हायेत नं?" मी हो म्हटलं की पदर सारखा करून घरी जायची. आणि सुधाकरची आई, जिच्या दारात कोणी पाणीसुद्धा मागत नसे, ती एके दिवशी चहाचा पेला घेऊन बाहेर आली. स्टुलाशेजारी जमिनीवर पेला ठेवला आणि आत गेली. मग तो चहा रोजचाच झाला.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी मी वाटीत लोणचं घेऊन भाऊजींच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्यातून आरपार दाराकडे पाहत होते. म्हणाले, "कोण?"

मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही. "भाऊजी, कधीपासून?"

"दिवाळीपासून. मोतीबिंदू असीन."

"मग बुलढाण्याला दवाखान्यात जाऊ या."

"जाऊ नं. पण डोळ्यावर पट्टी बांधली का गावभर होईन. नलूचे दिवस भरत आले. तिचं बाळंतपण होऊ द्या."

"पण दिसत नाही तर इथे बसता कशाला?"

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वयनी, मले दिसत नाही हे त्याले कुठं माहीत हाये?"

मी कोणाला सांगितलं नाही, आजोबांनाही नाही. पण नलूने उंबऱ्यातून विचारलं की "हो, बसलेत" म्हणायची आणि ती घरात शिरेपर्यंत दारातच उभी राहायची. अशाच एका सकाळी मी खिडकीतून पाहत होते. सुधाकर ओट्यावर दाढी करत होता. भाऊजी आले, चाचपडत स्टूल ठेवलं आणि बसले ते नेमके विहिरीकडे तोंड करून. आरशातून सुधाकरची नजर त्यांच्यावर खिळली. तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन बाहेर आली. आज तिने पेला जमिनीवर ठेवला नाही. भाऊजींना दंडाला धरून उठवलं, स्टूल दाराकडे वळवलं, त्यांना बसवलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. मग लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इकून बसत जा, भाऊ. इकून घर बराबर दिसते."

"हाव," भाऊजी दाराकडे पाहत म्हणाले, "आता बराबर दिसून राह्यलं."