नव्या राउटरची ओळखीची धून

मंडळी, आज सकाळी माझ्या जोगेश्वरीच्या ऑफिसात एक सेल्समन राउटर घेऊन आला. मी आसपासच्या सोसायट्यांना इंटरनेट देतो. ते सगळं एका साध्या कॉम्प्युटरमधून जातं, त्यावर ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारं आणि कुणालाही आतून बघता येणारं सॉफ्टवेअर टाकलंय.

"शेठ, फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंदा करता? स्पीड वाढला की वाट लागेल. आमचं बघा, सगळं कंपनीनेच बनवलेलं."

मी चहा मागवला. त्याने डबा चालू केला. मिनिटभराने आतून बारीक पिपाणीसारखी धून वाजली. माझं फुकटचं सॉफ्टवेअर सुरू होताना अगदी तश्शीच वाजवतं!

"परत एकदा चालू करा ना, झकास वाजतंय."

पुन्हा तीच धून.

"आतलं सॉफ्टवेअर दाखवता?"

"नाही हो शेठ, ते कंपनीचं सिक्रेट."

फुकटचं विकायला माझी ना नाही, परवानगी असते त्याला. पण मग लपवायचं कशाला? आणि लपवून आत आणखी काय घातलंय? लोकांचं बँकेपासून बायकोपर्यंतचं सगळं बोलणं त्यातून जाणार.

मी हात जोडले. जाताना तो शेजारच्या इंटरनेटवाल्याचा पत्ता विचारत होता.

तुमचं इंटरनेट कुठल्या डब्यातून येतं, विचारलंय कधी?