आप्पांचा जर्मन माणूस

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगीत परदेशी निघालेला प्रत्येकजण आधी तळमजल्यावरच्या आप्पांना भेटायचा आणि घाबरून वर यायचा. आप्पा मूळचे मालवणचे, बोटीवर स्वयंपाकी. जन्म बंदरं पाहण्यात गेलेला, त्यामुळे देशोदेशीची माणसं त्यांना तोंडपाठ. इंग्रज पोटातलं ओठावर आणत नाही, ग्रीक दिलेली वेळ पाळत नाही, असा एकेकाचा निकाल लावलेला.

मी हॅम्बुर्गला शिकायला निघाले तेव्हा आईने मला त्यांच्यापुढे उभं केलं. लुंगी सावरत आप्पा म्हणाले, "जर्मन माणूस हसना नाय. पायाचो आवाज जरी इलो तरी पोलिसांक फोन करता. सांभाळून ऱ्हव गो." आईचा चेहरा उतरला. माझी तर आधीच पाचावर धारण बसली होती.

तिथे मला पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. खाली एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे, न हसणारे. झालं! मी जाड मोजे घालून चवड्यांवर चालू लागले. हातातून चमचा निसटला तरी काळजाचं पाणी व्हायचं. आईशीसुद्धा कुजबुजत बोलायचे. हे शहर आपल्याला झेपणार नाही, शिक्षण सोडून परत जावं, असं रोज वाटे.

एका सकाळी बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर तेच गृहस्थ. आता वाट लागली, असं म्हणतच मी दार उघडलं. ते अवघडून म्हणाले, "वर कोणी राहतं, पण पावलं ऐकू येत नाहीत. तुम्ही बऱ्या आहात ना? मला काळजी वाटली." मला रडूच आलं. त्या दिवशी मी खोलीभर धपाधप चालले.

फोनवर हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "खरा सांगू गो? हॅम्बुर्गाक कितीदा गेलंय, पण बंदराच्या गेटाभायर कधी पाय टाकूक नाय. रस्तो चुकलंय तर बोट जातली, ह्याच भ्या." त्यांचं सगळं जग इतर खलाशांच्या गप्पांमधून आलेलं होतं. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पुढे आप्पा फार दिवस जगले नाहीत, म्हणून त्या फोननंतरचा रविवार मी जपून ठेवला आहे. व्हिडिओ कॉल लावून मी बंदराच्या गेटापासून चालायला लागले. बेकरी, सायकली, बाकावर पोरीची वेणी घालणारा बाप. "फुडे चल," आप्पा म्हणत होते. एक बाई फोनकडे बघून हसली, तर त्यांनी बोरिवलीहून तिला हात केला. पण गल्ल्या वाढल्या तसा त्यांचा आवाज कापरा झाला.

"बस झाला गो, परत फिर. रस्तो चुकशीत."

"चुकले तर विचारीन कोणालातरी, आप्पा."

"विचार हां," ते म्हणाले. "माका ता कधी जमूक नाय."